बिल्ला नसलेली मास्तरीण

जबाब देणार: जनावरांच्या तपासणी तळावरील धक्क्याच्या मुकादम, वय एकोणसाठ वर्षे, धंदा जनावरे गाडीत चढवणे व उतरवणे, राहणार पुलाच्या अलीकडे, तपासणी तळामागील वस्ती, शेवटची खोली.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून, माझ्या तोंडाने सांगते ते असे की, वरील ठिकाणी मी, माझी मुलगी आणि जावई असे तिघे राहतो. जावई धक्क्यावर माझ्याच हाताखाली कामाला आहेत. जावयाला हाताखाली ठेवणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात आहे त्यालाच कळेल. ओरडता येत नाही आणि गप्पही बसवत नाही. हवालदार म्हणाले, मावशी, याचा गुन्ह्याशी संबंध नाही. संबंध आहे, पुढे येईल. मला लिहितावाचता येतं, पण चष्मा धक्क्यावर राहिला, म्हणून हवालदार लिहून घेत आहेत. माझं बोलणं त्यांनी सरळ करू नये, वाकडं असेल तर वाकडं लिहावं, असं मी त्यांना आधीच सांगितलं आहे.

सदर तळाची माहिती विचारल्यावरून सांगते की, पूल ओलांडला की दुसरा देश लागतो. इकडून तिकडे जाणारी गुरं आणि डुकरं आधी आमच्या तळावर थांबतात. सरकारी डॉक्टर त्यांचं रक्त तपासतात, कानात बिल्ला मारतात, नेमलेले दिवस वेगळ्या वाड्यात ठेवतात आणि मग दाखला देतात. त्या दिवसांत बाहेरच्या जनावराच्या नाकाला नाक लागलं की पहिल्यापासून सुरुवात. गुरं आणि डुकरं एका वेळी आवारात चालत नाहीत. गाडी भरली की डॉक्टर मागच्या फळीच्या झाकणाला, म्हणजे फाळक्याला, सील लावतात आणि ते सील पलीकडच्या डॉक्टरांनीच तोडायचं असतं.

हे नियम वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. लाळ-खुरकूत शिरलेला गोठा मी डोळ्यांनी पाहिला आहे. तोंडात फोड आलेली जनावरं भरल्या गव्हाणीसमोर उभी राहतात आणि त्यांना घास घेता येत नाही. तेव्हा नियमाविरुद्ध ओरडणारी बाई अशी माझी नोंद होऊ नये. नियम मला कळतात. पण दोन्हीकडची शिकलीसवरलेली माणसं पुलावर समोरासमोर उभी राहून एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधल्यामध्ये एक मुकं जनावर मरायला लागतं, हे मला कळत नाही. ते मला इथे कोणी समजावून सांगितलं तर मी आत्ता उठून घरी जाईन.

मास्तरीण हे गाईचं नाव आहे, बाईचं नाही, हे ठळक लिहावं. दुपारपासून या ठाण्यात तीन जणांनी मला विचारलं की मास्तरीणबाई फरार आहेत का. ती लाल रंगाची आहे, म्हातारी आहे, डाव्या कानाची चिंधी झालेली आहे. कालवड असताना ती अशीच पलीकडे जाण्यासाठी आली होती. तारेत अडकून तिचा कान फाटला. उजव्या कानात बिल्ला मारला तर तो कान पिकला आणि बिल्ला गळून पडला. बिल्ल्याशिवाय दाखला नाही, दाखल्याशिवाय पूल नाही. मालक तिला तिथेच टाकून निघून गेला. तेव्हा आमचे हे मुकादम होते. त्यांनी ठेवून घेतली. पुढे ते गेले, गाय राहिली.

ती काय काम करते असं विचारल्यावरून सांगते. लांबून आलेलं जनावर धक्क्याच्या उताराला घाबरतं. पत्र्याचा आवाज, खाली पोकळ, पुढे अंधार. पूर्वी मागून काठी चालायची. जनावर उडी मारायचं, पाय फळीत अडकायचा, मोडायचा. आमच्या ह्यांनी एकदा सहज मास्तरणीला पुढे घातलं. ती टकटक करत वर गेली आणि मागून सगळी मेंढरासारखी गेली. तेव्हापासून तीच पुढे जाते. सगळ्या वर चढल्या की मी पेंडीच्या पत्र्याच्या बादलीवर पळी वाजवते. तो आवाज आला की ती गाडीच्या कडेने अंग चोरत खाली येते, बादलीत तोंड घालते, आणि मग आपली आपण धक्क्यामागच्या सावलीत जाऊन बसते. काठी कोपऱ्यात पडून आहे. माझ्या जावयांनी कामाला लागल्यापासून ती हातात धरलेली नाही.

तिचं रक्त डॉक्टर इतरांबरोबर नेहमी तपासतात. ती आवाराबाहेर कधी जात नाही. तिचा दाखला मात्र कधी काढलेला नाही. ती कुठे जाणारच नव्हती, दाखला कशाला काढायचा?

परवा सकाळी अठरा कालवडी पलीकडे जायच्या होत्या. व्यापारी भला माणूस, गाडीची वाट बघत तो पुलापलीकडे जाऊन थांबला होता. वाडा उघडला, मास्तरीण पुढे झाली, कालवडी मागे लागल्या. तेवढ्यात फाटकावर डुकरांची गाडी आली. त्या व्यापाऱ्याला आम्ही सगळे भोंगा म्हणतो, कारण गाडी उभी राहायच्या आत त्याचा हात हॉर्नवर असतो. कालवडी बाहेर पडल्याशिवाय डुकरं आत येणार नाहीत, हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. तरी त्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. डॉक्टर म्हणाले, काकू, उरका लवकर, डुकरं उन्हात आहेत. मी फाटकावर गेले आणि भोंग्याला म्हटलं, "अरे बाबा, तुझ्या डुकरांचा मुहूर्त टळतोय का?" तो हसला आणि पुन्हा हॉर्न दाबला.

एरवी मोजणी मी करते, उतारावर उभी राहून, एकेक चढताना. मास्तरीण पहिली जाते, तिला सोडून मोजायचं, ही सवय हाडात मुरलेली. परवा मी भोंग्याशी भांडत होते म्हणून मोजणी जावयांकडे आली. ते गाडीच्या बाजूच्या फळीवर चढले आणि त्यांनी वरून पाठी मोजल्या. मी फाटकावरून बादली वाजवली. हॉर्न चालूच होता. जावई ओरडले, "आई, अठरा बरोबर!" मी म्हटलं, "मग टाका फाळका." डॉक्टरांनी सील लावलं आणि गाडी पुलावर गेली.

अठरा बरोबरच होत्या. त्यातली एक मास्तरीण होती आणि एक कालवड वाड्यात पाण्याच्या हौदामागे बसून राहिली होती, एवढंच आम्हाला माहीत नव्हतं. जावयांना मी आज ठाण्यात येईपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्याचंच त्यांना जास्त लागलं, असं मुलगी सांगते. पण सगळं खापर त्यांच्या माथी फोडायचं नाही. मास्तरीण खाली उतरली का, हे आम्ही कोणीच कधी बघत नाही. घरातलं माणूस घरात आहे का, हे कोणी मोजत बसतं का? ती येतेच, असं धरून चाललो.

डुकरं उतरवून झाली, आवार धुऊन झालं, आणि मी पेंड घेऊन धक्क्यामागे गेले. सावलीत कोणी नव्हतं. म्हटलं, गेली असेल पाण्यावर. वळले तर हौदामागून ती राहिलेली कालवड उठली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिच्या कानात नवा कोरा बिल्ला होता. 

मी धावत डॉक्टरांकडे गेले. ते जेवायला बसले होते, ताट सारून तसेच उठले. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांच्याबद्दल कोणाचा गैरसमज होऊ नये. आम्ही दोघं पुलावर गेलो. पुलाच्या मध्यावर पांढरी रेघ आहे. पलीकडचे डॉक्टर रेघेच्या त्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांनी सील तोडलं होतं, बिल्ले ताडून पाहिले होते आणि बिल्ला नसलेली एक म्हातारी गाय वेगळी बांधली होती.

मी त्यांना म्हटलं, "आमची गाय चुकून आली. ती द्या आणि ही कालवड घ्या, तुमच्या अठराच्या अठरा पूर्ण."

ते म्हणाले, "बाई, कालवड आता कशी घेऊ? ती असताना आवारात डुकरं उतरली. तिचं सगळं पहिल्यापासून."

"बरं, कालवड राहू द्या. गाय तरी द्या."

"माझी ना नाही. तुमचे डॉक्टर घेतात का विचारा."

मी आमच्या डॉक्टरांकडे बघितलं. ते चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. म्हणाले, "काकू, पलीकडे लाळ-खुरकूत निघालीय. तिकडून एक खूरसुद्धा इकडे घ्यायचा नाही, असा वरून आदेश आहे."

"अहो, ती तिकडची आहे का? सकाळी तर इथून गेली!"

"इथून गेलेलं जनावर परत आलं तर परत आलेला माल म्हणून घेता येतं. पण त्याला ते इथून गेल्याचा दाखला लागतो."

"मग द्या की दाखला."

"आता कसा देऊ? कागदावर ती गेलेलीच नाही. आणि जी गेलीच नाही, तिला परत आली असं कसं लिहू?"

"जी गेली नाही ती तिकडे उभी कशी?"

डॉक्टर म्हणाले, "तेच ते मला विचारतायत, काकू."

त्यानंतर काल दिवसभर मी पायाला भिंगरी लावून फिरले. डॉक्टरांनी वरच्या ऑफिसात फोन लावून माझ्या हातात दिला. फोनवरच्या बाईंनी विचारलं, हे आयातीचं आहे की निर्यातीचं? मी म्हटलं, बाई, हे चुकीचं आहे. त्या म्हणाल्या, चुकीचं आमच्याकडे येत नाही, तळावर विचारा. मी तळावरूनच बोलत होते. दुसऱ्या ठिकाणी लावला, त्यांनी सांगितलं की गाय परदेशात असल्यामुळे परदेशाने अर्ज करावा. पलीकडच्या डॉक्टरांना जाऊन ते सांगितलं, तर ते म्हणाले, आमच्याकडे ती आलेलीच नाही, आमच्याकडे अठरा यायच्या होत्या, सतरा आल्या, एक कमी आहे. म्हणजे दोन देशांत मिळून माझी गाय कुठेच नव्हती. फक्त हंबरत तेवढी होती, अलीकडे ऐकू येत होतं.

पलीकडचा नियम असा की, ज्या जनावराला कागद नाही आणि जे परतही पाठवता येत नाही, ते मारून चुन्यात पुरायचं. आज दुपारी कालवडी पुढच्या गाडीत चढल्या की मग तिचं करायचं, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं. तेही वाईट माणूस नाहीत. सांगताना दोनदा "बाई, माफ करा" म्हणाले. मी म्हटलं, निदान मला येऊन तिला चार घास घालू द्या, परक्याच्या हातचं ती खात नाही. ते म्हणाले, तुम्ही आमच्या वाड्यात येऊन तुमच्या तळावर परत गेलात तर रोग पायाला लागून जाईल. मी म्हटलं, चपला जाळा, लुगडं जाळा, मला चुन्यात बुडवून काढा. ते नाही म्हणाले. त्यावर मी पुलावर उभी राहून जी बोंब ठोकली, ती दोन्ही देशांनी ऐकली. काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं ते ठाण्यात लिहिण्यासारखं नाही.

एका गाईसाठी इतकं का, असं ठाण्याच्या साहेबांनी विचारल्यावरून सांगते. आमचे हे गेले तेव्हा मला सकाळी उठायचा कंटाळा यायला लागला. मुलगी तेव्हा तिच्या घरी, खोलीत मी एकटी. कशाला उठायचं, कोणासाठी उठायचं, असं व्हायचं. पण तिची पेंड रात्री भिजत घातलेली असायची. ती आंबायच्या आत घालायला पाहिजे, म्हणून मी उठायचे. असं उठता उठता पुढे मला उठायची सवय झाली. तिच्यावर माझा जीव आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आजची हकीकत अशी की, दुपारी मी पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी, रस्ता अडवणाऱ्या दांड्याच्या या बाजूला, बादली घेऊन उभी होते. तिथे उभं राहायला मनाई नाही. पलीकडचा वाडा तिथून स्वच्छ दिसतो. त्यांनी गाडी लावली, वाड्याचं फाटक उघडलं आणि मास्तरणीचं दावं सोडून तिला कडेला घेतलं. गाय आपल्या मनाने पुलावर आली. या वाक्यावर मला शेवटी बोलायचं आहे. तूर्त हवालदारांनी लिहिलंय तसं राहू दे.

तिच्या मागोमाग सतरा कालवडी निघाल्या. पलीकडच्या पहारेकऱ्याने दांडा वर केला. मी त्याला नंतर ओरडून विचारलं, "अरे शहाण्या, उघडलास कशाला?" तर म्हणाला, "इतक्या शिस्तीत रांगेने चालल्या होत्या, मला वाटलं वरून हुकूम आलाय." आमच्या बाजूचा दांडा एका टेम्पोसाठी आधीच वर होता. पुलाच्या तोंडाशी औषधाच्या पाण्याचा उथळ हौद आहे, पाय बुडवून मगच पुढे यायचं. माणसं तो चुकवून कडेने जातात. मास्तरीण बरोबर मधून चालत आली आणि सतराच्या सतरा तिच्यामागून मधूनच आल्या. एवढा एक नियम पाळायचा राहिला होता, तो त्यांनी पाळला. आमच्या पहारेकऱ्याने शिट्ट्या मारमारून तोंड दुखवून घेतलं, पण शिट्टीला ती कधीच धूप घालत नाही. ती माझ्यापाशी आली आणि बादलीत तोंड घातलं. बादलीचा तळ लागेपर्यंत तिने मान वर केली नाही. दोन दिवस तिने काही खाल्लं नव्हतं हे उघड आहे.

नंतर पहारेकऱ्याने ठाण्यात कळवलं, ठाण्याची माणसं आली, भोंगासुद्धा बघायला आला आणि पहिल्यांदाच गाडीचा आवाज न करता उभा राहिला. सतरा कालवडींना बिल्ले आहेत, दाखले आहेत, त्या इथून गेल्याचे कागद आहेत. म्हणून डॉक्टरांनी त्यांना परत आलेला माल म्हणून वेगळ्या वाड्यात घेतलं. त्यांचं आता पहिल्यापासून. व्यापारी डोक्याला हात लावून बसला आहे. तो मला एक शब्द वाईट बोलला नाही, त्यामुळे त्याच्यापुढे उभं राहायची मला जास्तच चोरी झाली आहे. त्याची माफी मी या जबाबातच मागते. मास्तरणीला मात्र कागद नाही, म्हणून तिला परत आलेला माल होता येत नाही. तिला ठाण्याच्या आवारात, जप्त मोटरसायकलींच्या शेजारी बांधली आहे. डॉक्टरांनी तिच्याभोवती चुन्याची रेघ मारली आहे. तिने एका मोटरसायकलची सीट चाटून ओली केली, त्याचा वेगळा गुन्हा लावायचा असल्यास लावावा.

जबाब लिहायला बसण्याआधी झालेलं बोलणंही लिहावं, असा मी हट्ट धरल्यावरून सांगते. साहेब बाहेर आले, गाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मावशी, गुरं सुटतात, भरकटतात, आपल्या मनाने येतात. तसं लिहून द्या, समज देऊन सोडतो, घरी जा." जावई लगेच उठले. म्हणाले, "चला आई." मीही उठले. दोन दिवसांनी पहिल्यांदा कोणीतरी सरळ बोललं होतं.

दारापर्यंत गेले आणि विचारलं, "आणि गाय?"

साहेब म्हणाले, "गाय डॉक्टरांच्या ताब्यात. तुमचा काही संबंध नाही."

मी डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही तिचं काय करणार?"

 डॉक्टर म्हणाले, "पलीकडून आपल्या मनाने आलेलं, कागद नसलेलं जनावर. नियम इकडेही तोच आहे, काकू."

मी परत आले आणि बाकावर बसले. साहेबांना राग आला. म्हणाले, "बसू नका हो! गुन्हा नोंदवला तर माझी किती पंचाईत होते, माहितीय? तुम्ही आरोपी, ही गाय मुद्देमाल. मुद्देमाल म्हटला की कोर्ट सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, कुठे हलवायचा नाही, मारायचं तर नावच नको. वर खाऊ घालायचं ते आम्ही. झुंजीच्या केसमधला एक कोंबडा आणला होता, तो इथेच म्हातारा होऊन मेला, पण केस उभी राहिली नाही!"

 मी डॉक्टरांना विचारलं, "हे खरं का हो?" डॉक्टर म्हणाले, "कायद्याचं मला काही सांगता येणार नाही." असं म्हणून ते बाहेर गेले आणि चुन्याची रेघ पुसून त्यांनी नवीन मारली, गाईला पाय पसरून बसता येईल एवढी मोठी. जावई म्हणाले, "आई, अहो, तुमच्यावर केस होईल." मी म्हटलं, "जावईबापू, चूक तुमची, गाय माझी, आता केसही माझी." दोन दिवसांनी मी त्यांच्याशी बोलले. ते तिथेच रडायला लागले, ठाण्यात, सगळ्यांसमोर. बाहेर जाऊन त्यांनी बादली धुऊन आणली.

सबब माझं मागणं असं की, माझ्याविरुद्ध रीतसर गुन्हा नोंदवावा. समज देऊन मला सोडू नये. मला समज मिळालेली आहे. सदर गाय मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात ठेवावी आणि तिच्याजवळ दुसरं जनावर येऊ देऊ नये. डॉक्टरांनी तिचं रक्त पाहिजे तितक्या वेळा काढावं. त्यात रोग निघाला, तर मी आडवी येणार नाही. तेव्हा मला फक्त बोलवावं, तिची मान मी धरीन. पण रोग नसताना, नुसता कागद नाही म्हणून तिला मारू देणार नाही. पेंड आणि वैरण मी रोज घालीन, ठाण्यावर तिचा भार पडणार नाही. चुन्याच्या रेघेबाहेर चपला काढीन, आत वेगळ्या घालीन. मला वकील नको आणि लवकरची तारीखही नको. कोर्टाच्या सवडीने होऊ दे. गाय म्हातारी आहे. कोंबड्याला जमलं ते तिलाही जमेल.

वरील सर्व मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने आणि सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. फक्त एक वाक्य मी खोडायला लावलं आहे. "गाय आपल्या मनाने पुलावर आली," असं त्यांनी लिहिलं होतं. हवालदार म्हणाले, मावशी, तुम्हाला घरी सोडणारं हेच एक वाक्य आहे. मी म्हटलं, म्हणूनच खोडा. सतरा कालवडी आपल्या मनाने आल्या, त्यांना मी बोलावलं नव्हतं, ते तसंच राहावं. गाईबद्दल मात्र त्या जागी पुढीलप्रमाणे लिहून घेतलं, आणि त्याखाली मी वेगळी सही केली आहे:

मी बादली वाजवली. ती यावी म्हणूनच वाजवली. पहिल्यांदा वाजवली तेव्हा तिने मान वर केली, दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा ती चालायला लागली. इतक्या वर्षांत बादली वाजली आणि ती आली नाही असं एकदाच झालं, परवा, आणि तेव्हा तिला ऐकू गेलं नव्हतं. आज हॉर्न बंद होता. मी बोलावली म्हणून ती आली. आता बरोबर आहे.